वैद्याचा विनय

आत्मचरित्रातील विनयावर कितपत विश्वास ठेवावा, हा प्रश्न जुनाच आहे. आपण सामान्य आहो असे सांगत सांगत लेखक आपली थोरवी गाऊन जातो, हा अनुभव वाचकांस नवा नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या ‘बॅरिस्टरचं कार्टं’ या आत्मचरित्राचा विचार करताना तो प्रश्न पुन्हा उभा राहतो. दारिद्र्यातून वर येऊन विंचूदंशावरील संशोधनाने जगास परिचित झालेल्या वैद्याची ही कथा आहे. अशा कथेचा ओघ स्वभावतःच विजयाकडे धावतो. मग तीत विनय शोधावयाचा कोठे?

आमच्या मते तो लेखकाच्या कार्यात शोधावा. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रात असताना लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे दगावताना डॉ. बावस्करांनी पाहिली. प्रचलित उपचार अपुरे पडत होते. तेव्हा रुग्णाची नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचा गारठा यांच्या नोंदी ते चिकाटीने करीत राहिले. १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांची निरीक्षणे प्रसिद्ध झाली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध त्यांनी या दंशावर योजिले. आणि त्यांच्या नोंदींनुसार, गंभीर रुग्णांत पूर्वी शेकडा २५ ते ३० असलेले मृत्यूचे प्रमाण एकाच्याही खाली आले.

येथे थांबले असते, तरी त्यांचे नाव राहिले असते. तथापि विंचवाचे प्रतिविष उपलब्ध झाल्यावर पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी आपल्याच उपचाराची परीक्षा घेतली. ७० रुग्णांपैकी ३५ जणांस केवळ प्राझोसिन व ३५ जणांस त्याच्या जोडीला प्रतिविष दिले. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात ८, तर दुसऱ्यात ३२ निघाले. ज्या औषधाने कीर्ती दिली ते एकटे देण्यापेक्षा त्याच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, हे २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केले.

हा शास्त्राचा विषय झाला, साहित्याशी त्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आत्मचरित्रात लेखक स्वतःचा साक्षीदार असतो, आणि त्या साक्षीचे मोल त्याच्या इतर लेखनावरून ठरते. म्हणून हे आत्मचरित्र आणि हे निबंध शेजारी ठेवून वाचावेत, अशी आमची शिफारस आहे. आपल्या यशाची फेरतपासणी करण्याइतके शिष्यत्व ज्याच्या ठायी उरले आहे, त्याच्या आत्मकथनावर वाचकाने विश्वास ठेवण्यास हरकत नाही.