शेवटचे कडवे कुणी कापले?

वामनदादा कर्डकांच्या गाण्याखाली ‘गीत : पारंपरिक’ असे शब्द यावेत आणि ते लिहिणारे हात आपल्याच वस्तीतल्या मुलांचे असावेत, ही गोष्ट किरकोळ म्हणून सोडून देण्यासारखी नाही. वामनदादा १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि २००४ साली गेले. त्यांना पाहिलेली, त्यांच्या पुढ्यात बसून रात्ररात्र गाणे ऐकलेली माणसे आजही गावोगाव आहेत. असा कवी वीसेक वर्षांत ‘परंपरा’ कसा काय होतो? लोकांच्या ओठी जाऊन निनावी होणे हाच कवीचा खरा सन्मान, असे आमचे काही समीक्षक म्हणतील. हा सन्मान नेमका आमच्याच कवींच्या वाट्याला का येतो, याचे उत्तर मात्र ते देत नाहीत. कुसुमाग्रजांच्या कवितेखाली ‘पारंपरिक’ छापण्याची हिंमत कुणी करील काय?

निमित्त असे झाले. मी ज्या महाविद्यालयात मराठी शिकवतो तिथल्या माध्यमविभागातील सहा विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून वामनदादांच्या एका गाण्याची चित्रफीत तयार केली आणि तिला जुळणारे अल्बमचे मुखपृष्ठही केले. चित्रफीत आणि मुखपृष्ठ एकाच घरची वाटली पाहिजेत, रंग, अक्षरे आणि प्रतिमा यांतून एकच ओळख उभी राहिली पाहिजे, अशी त्या अभ्यासक्रमाची अपेक्षा असते. गाणे गायले आहे वस्तीतल्या एका गायन पार्टीच्या आजींनी. साथीला ढोलकी, पेटी, टाळ आणि पाच झीलकरी. विभागाने मला पाहायला बोलावले आणि ‘सर, दोन शब्द बोला’ असे मुले म्हणाली. दोन शब्दांत भागणारे नव्हते म्हणून हे लिहितो आहे. विद्यार्थ्यांचे काम म्हणून पाठ थोपटायची आणि विसरून जायचे, हा शिरस्ता मला मान्य नाही. त्यांची कृती ही कृती म्हणूनच तपासली पाहिजे.

प्रथम चित्रफितीविषयी. ती साडेतीन मिनिटांची आहे. मुलांनी पैसे गोळा करून एका दिवसासाठी ड्रोन आणला होता, त्यामुळे वस्तीचे पत्रे वरून तीनदा दिसतात. वरून पाहिले की वस्ती सुंदर दिसते. गटार दिसत नाही, माणूसही दिसत नाही. वस्तीत जन्मलेल्या मुलांना आपले घर असे आभाळातून पाहावेसे वाटावे, याचा दोष मी त्यांना देणार नाही; त्यांनी पाहिलेल्या सगळ्या चित्रफिती तशाच आहेत. पण गाणे जमिनीवर बसून म्हटलेले आहे. निळा धूर आहे, तुटणारी साखळी आहे, संथ गतीने धावणारा एक देखणा तरुण आहे. आणि सगळ्यावर निळी छटा चढवलेली आहे. आमचा निळा १९४२ साली स्थापन झालेल्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या झेंड्याचा आहे. झेंडा चौकटीत एका जागी असतो आणि त्या जागेला अर्थ असतो. सगळी चौकटच निळी केली तर झेंडा शोधायचा कुठे? शिवाय त्या छटेने आजींचा काळा, राबून रापलेला चेहरा राखाडी झाला आहे.

याहून गंभीर गोष्ट कापणीची. मुले प्रत्येक ठेक्यावर दृश्य बदलतात. गायन पार्टीची रीत वेगळी असते. मुख्य गायक ओळ टाकतो, झीलकरी ती उचलतात, आणि त्या दोहोंच्या मध्ये गायक श्वास घेतो, समोरच्याकडे पाहतो, पुढच्या ओळीची तयारी करतो. हे देणेघेणे म्हणजे या गाण्याचा कणा आहे. आंबेडकरी जलशापासून तो तसाच चालत आला आहे. ठेक्यावर कापत गेले की झीलकरी नाहीसे होतात आणि उरतो एकटा नायक. समूहाच्या गाण्याचे व्यक्तीच्या गाण्यात रूपांतर कात्रीने झाले आहे, आणि हे करताना मुलांच्या मनात कसलाही विचार नव्हता, असे त्यांच्या बोलण्यावरून दिसले. तंत्राचा वळसाच असा आहे की तो विचार न करताच पडतो.

एक अपवाद आहे आणि तो सांगितला पाहिजे. दुसऱ्या कडव्यानंतर ढोलकीवाला कड्या सरकवून दोरी ताणतो, थाप मारून पाहतो, मान हलवतो आणि आजी थांबून त्याच्याकडे पाहतात. दहा-अकरा सेकंदांचे हे दृश्य एका मुलीने मोबाइलवर, सहज म्हणून घेतलेले आहे. उरलेली सगळी चित्रफीत मला या दहा सेकंदांपुढे फिकी वाटली.

आता शेवटच्या कडव्याकडे येतो. मूळ गाणे पाच मिनिटांच्या वर जाते. साडेतीन मिनिटांत बसवण्यासाठी मुलांनी अखेरचे कडवे काढून टाकले. ज्यांनी वामनदादांची गाणी ऐकली आहेत त्यांना पुढचे सांगायला नको. त्यांच्या कितीतरी गाण्यांत अखेरच्या कडव्यात ‘वामन’ येतो. ती कवीची सही असते. चोखोबांचे नाव त्यांच्या अभंगात असेच येते आणि सोयराबाई तर स्वतःला चोख्याची महारी म्हणवून घेते. सहीबरोबर जात आणि नातेही नोंदवते. ज्यांच्या हाती कागद नव्हता त्यांनी आपले नाव गाण्याच्या आतच अशा जागी ठेवले की गाणे जिथे जाईल तिथे ते जावे. वामनदादा तर मोठेपणी अक्षरे शिकलेले. त्यांना या सहीची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळत असणार.

या सहीचा एक वेगळाच नमुना ध्वनिमुद्रिकांच्या आरंभकाळात सापडतो. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कुणाचे हे कसे कळणार? म्हणून गाणे संपताना त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारत. त्या तबकडीत जेमतेम तीन मिनिटे मावत, आणि तेवढ्यातही नावाला जागा होती. आज मुले साडेतीन मिनिटांची सबब सांगतात तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

तर गाण्यातली सही कापली गेली. मग निदान मुखपृष्ठावर तरी नाव यायला हवे होते. तिथे ‘पारंपरिक’ आले. मुलांना विचारले तेव्हा कळले की गाणे त्यांनी आजींच्या तोंडून ऐकले, आजींनी त्यांच्या मामांकडून. नाव ज्या कडव्यात होते ते कडवे संगणकावर कापून झालेले, आणि मुखपृष्ठ करणारा मुलगा ध्वनिमुद्रणाला हजरच नव्हता. त्याने कापलेले गाणे ऐकले, त्यात नाव नाही, म्हणून ‘पारंपरिक’ लिहिले. साखळी इतकी साधी आहे. आमच्या किती कवींची नावे अशाच साध्या साखळीने गेली असतील!

मुखपृष्ठाचा प्रश्न माझ्या दृष्टीने केवळ शोभेचा नाही, याला एक खासगी कारण आहे. आमच्या घरात पुस्तक नव्हते, कॅसेटी होत्या. अडीच इंच रुंद आणि चार इंच उंच अशा त्या कागदावर बाबासाहेब, बुद्ध, अशोकचक्र आणि गायकाचा फोटो असे सगळे दाटीवाटीने असायचे. घडी उलगडली की आत बारीक अक्षरांत गीतकार, संगीतकार, वादक. शाळेच्या पुस्तकाआधी मी हे कागद वाचले. पुढे महाविद्यालयात त्यांना ‘भडक’ म्हणून हसणारे लोक भेटले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लाखोंच्या गर्दीत, फुटपाथवरच्या चादरीवर पडलेली कॅसेट दहा फुटांवरून ओळखू यायची असेल तर ती भडकच लागते. फिकट रंगांची सोज्वळ अभिरुची दुकानाच्या काचेमागे परवडते. तरीही त्या कॅसेटींविषयी भाबडे होण्याचे कारण नाही. गायकाचा चेहरा मोठा आणि गीतकार मुंगीच्या पावलाएवढा, ही वाटणी तिथेही होतीच. आता मोबाइलच्या पडद्यावर मुखपृष्ठ नखाएवढे झाले आहे आणि आतली घडी तर उरलीच नाही.

मुलांनी मुखपृष्ठावर आवळलेली मूठ आणि तुटकी साखळी घेतली आहे. ही प्रतिमा कुणाचीही असू शकते, म्हणूनच ती कुणाचीच नाही. ‘भीम’ हा शब्द ऱ्हस्व लिहिला आहे असे एका प्राध्यापकांनी फार जोरात दाखवून दिले. शुद्धलेखनाच्या छडीने आमच्या पिढ्यांना पुरेसे मारून झाले आहे, त्यावर मी बोलणार नाही.

चेहरा कुणाचा, हा प्रश्न केवळ आमच्या महाविद्यालयाचा नाही. मार्च २०२१ मध्ये तमिळमधले ‘एंजॉय एंजामी’ आले. शब्द अरिवू या दलित कवी-गायकाचे. धी आणि अरिवू यांनी ते गायले, संगीत संतोष नारायणन यांचे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबलेली अरिवूची आजी वल्लिअम्माळ त्या चित्रफितीत दिसते, आणि भूमिहीनांची व्यथा साऱ्या देशाने डोक्यावर घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘रोलिंग स्टोन इंडिया’च्या मुखपृष्ठावर धी आणि शान व्हिन्सेंट डी पॉल झळकले, या दोघांच्याही गाजलेल्या गाण्यांत ज्याचा वाटा होता तो अरिवू तिथे नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर निषेध केला, आरडाओरड झाली, तेव्हा त्या मासिकाने अरिवूचे वेगळे डिजिटल मुखपृष्ठ काढले. गाण्यात आजी चालते, आजीचा नातू मुखपृष्ठावर मागाहून येतो. यामागे कुणाचा हेतू होता की नव्हता या वादात मला शिरायचे नाही. आमच्या सहा मुलांचाही हेतू नव्हताच.

कायद्याची बाजूही मुलांना सांगावी लागली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या रचनेवरचा हक्क टिकतो. वामनदादांच्या बाबतीत २०६४ अखेरपर्यंत. वर्गात दाखवणे निराळे आणि सगळ्या जगासाठी चढवणे निराळे. ‘पारंपरिक’ या शब्दाने नाव जाते आणि नावाबरोबर वारसांचा हक्कही जातो. चळवळीतल्या कित्येक शाहिरांची अखेर हलाखीत झाली, याची आठवण ठेवून हा शब्द वापरावा.

कुणी म्हणेल, एवढ्याशा प्रकल्पावर इतका कीस कशाला? २०१५ साली शिर्डीत मोबाइलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित तरुणाला मारून टाकले गेले. ज्या गाण्यासाठी जीव जातो त्या गाण्याचा कर्ता कोण, हे त्याच्या मुखपृष्ठावर असू नये?

मुलांनी अखेरचे कडवे परत घातले आहे. चित्रफीत आता पाच मिनिटांच्या वर गेली आणि साडेतीन मिनिटांची मर्यादा मोडल्याबद्दल गुण कापले जातील असे त्यांना विभागाकडून सांगण्यात आले. त्यांनी ते पत्करले. ‘पारंपरिक’ जाऊन ‘वामन कर्डक’ आले, तेही गायिकेच्या नावाइतक्याच अक्षरांत. ढोलकीवाला, पेटीवाला आणि पाच झीलकरी यांची नावे मागच्या बाजूला आली. पुढच्या चित्राचा मात्र निकाल लागलेला नाही. मूठ काढून आजींचा फोटो घ्यावा, चेहरा न उजळता, असे मुलांचे आता म्हणणे आहे. आजी ऐकत नाहीत. ‘माझं तोंड कशाला लावता रे पोरांनो, बाबासाहेबांचा फोटो लावा,’ असे त्या म्हणतात. मुले माझ्याकडे आली. मी त्यांना पुन्हा आजींकडेच पाठवले आहे.