स्वस्तातला स्टुडिओ, पण कुणासाठी?

‘स्वस्तात होम स्टुडिओ’ छापाच्या याद्या तुम्ही पाहिल्याच असतील: कंडेन्सर माइक, ऑडिओ इंटरफेस, भिंतीला फोम. एकट्या गायकाच्या बंद खोलीसाठी त्या ठीक आहेत. पण तुम्हाला घोडपदेवच्या चाळीतलं भजनी मंडळ रेकॉर्ड करायचं असेल तर हीच खरेदी अंगाशी येते. कंडेन्सर शेजारच्या कुकरची शिट्टीसुद्धा टिपतो. फोमनं बाहेरचा आवाज अडत नाही, फक्त खोलीतला घुमारा कमी होतो. तेवढं काम टांगलेली गोधडीही करते.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. या याद्यांना स्वच्छ आवाजापलीकडे निकषच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेला जात्यावरच्या ओव्यांचा संग्रह बघा. लाखाहून जास्त ओव्या, सोबत गाणारीचं नाव, गाव. ध्वनिमुद्रण मात्र १९९०च्या दशकात सुरू झालं, तेही काही ओव्यांचंच. बाकीच्यांचे शब्द उरले, पण त्या बाईच्या गळ्यातली चाल नाही. तिथं साधा टेपरेकॉर्डरही चालला असता की!

म्हणून हातातल्या फोनवरच सुरुवात करा, अर्थात मंडळाला विचारून. फाइल वॅव्ह, ४८ किलोहर्ट्झ. बुवा माइकजवळ, टाळकरी लांब. पातळी टाळांच्या गजरावर लावा, अभंगाच्या संथ सुरुवातीवर नको. नाहीतर ऐन रंगात आवाज फाटतो. कोण कुठं बसलं होतं ते वहीत काढून ठेवा. पैसे उरलेच तर दुसरी हार्ड डिस्क घ्या.