तीन मिनिटांचे नाट्यपद

बालगंधर्वांच्या गायकीविषयी लिहिताना आपण बहुधा मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिकांचाच पुरावा देतो. मला तो अपुरा वाटतो. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगांत मात्र तेच पद ‘वन्समोअर’गणिक फुलत जाई, त्याची लांबी प्रेक्षकही ठरवीत. तबकडीने आवाज जपला, प्रेक्षकांचा हा वाटा वगळला. पुढे आकाशवाणी, कॅसेट आणि आता मोबाइल यांनी तीच मुद्रिका घरोघर नेली. माध्यमे वाढली, पुरावा तेवढाच राहिला. म्हणून मुद्रिकेला पदाची स्वतंत्र, आटोपशीर बांधणी मानावे. आजचा गायक तिची हुबेहूब उजळणी करतो, तेव्हा तो तबकडीची मर्यादाच गातो.