भारती ब्रेल, संगणकीय संकेतन आणि सुगम्यतेची मानके : मराठीच्या दृष्टीने एक परीक्षण

लिपी म्हणजे भाषा नव्हे, हे भाषाविज्ञानाच्या पहिल्याच पाठात आपण विद्यार्थ्यांस सांगतो. परंतु लिपी म्हणजे डोळ्यांस दिसणारी आकृती, ही समजूत आपल्या स्वतःच्या मनातून सहसा जात नाही. ह्याचा प्रत्यय मला एका परीक्षेच्या निमित्ताने आला. ध्वनिविचाराच्या प्रश्नपत्रिकेत 'दर्या' आणि 'दऱ्या' ह्या दोन शब्दांतील भेद स्पष्ट करावा, असा प्रश्न मी घातला होता. वर्गातील एका अंध विद्यार्थ्यास तीच प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये रूपांतरित होऊन मिळाली. त्याने उत्तरादाखल एकच वाक्य लिहिले : दोन्ही शब्द एकच असल्यामुळे त्यांतील भेद सांगता येत नाही. त्याच्या बोटांखाली जे आले होते, त्याचे हे अचूक वर्णन होते. चूक प्रश्नकर्त्याची, म्हणजे माझी होती. ती नेमकी कोठे उद्भवली ह्याचा शोध घेताना सुगम्यतेच्या प्रचलित मानकांचेही परीक्षण करणे भाग पडले. प्रस्तुत टिपण त्याचेच फलित होय.

प्रथम ब्रेलचा विचार करू. सहा टिंबांच्या चौकटीतून, कोरी चौकट वगळता, ६३ चिन्हे संभवतात. देवनागरीतील जोडाक्षरांची विपुलता पाहता प्रत्येक आकृतीस स्वतंत्र चिन्ह देणे मुळातच अशक्य होते. १९५१ साली भारतीय भाषांकरिता भारती ब्रेल ही समान पद्धती स्वीकारण्यात आली, तेव्हा ह्या अडचणीतून जो मार्ग काढला गेला तो भाषावैज्ञानिक दृष्ट्या मोठा मार्मिक आहे. भारती ब्रेलने आकृती सोडली आणि वर्णक्रम धरला. छापील 'कि'मध्ये वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते. ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ' येते. छापील 'कर्म'मध्ये रफार 'म'च्या डोक्यावर जाऊन बसतो. ब्रेलमध्ये 'र' आपल्या उच्चाराच्या जागीच राहतो. 'क्ष' आणि 'ज्ञ' ह्यांना मात्र स्वतंत्र चिन्हे आहेत. इतर जोडाक्षरांत हलन्ताचे चिन्ह व्यंजनाच्या आधी लिहितात, म्हणजे पुढे येणारे व्यंजन अकारयुक्त नाही, अशी सूचना वाचणाऱ्या बोटास अगोदरच मिळते. अंतर्भूत 'अ' एरवी लिहिला जात नाही. तथापि 'कई'सारख्या शब्दात त्यापुढे दुसरा स्वर आला म्हणजे तो लिहावाच लागतो, अन्यथा 'कई' आणि 'की' ह्यांत अंतर राहणार नाही.

ह्या पद्धतीची उणीव तिच्या गुणातूनच निर्माण झाली आहे. 'र' आणि 'य' ह्यांचा संयोग रफाराने दाखविला काय किंवा मराठीत रूढ असलेल्या आडव्या, चंद्रकोरीसारख्या 'र'ने दाखविला काय, हलन्त, 'र', 'य' हा क्रम एकच. आता हा भेद केवळ लेखनाचा असता तर त्याच्या लोपाविषयी तक्रार करण्याचे कारण नव्हते. परंतु 'दर्या'मध्ये 'र्' पहिल्या अक्षरास चिकटून ते गुरू होते. 'दऱ्या'मध्ये तो पुढील अक्षराबरोबर जातो आणि पहिले अक्षर लघूच राहते. उच्चार निराळा, अर्थ निराळा. सर्व भारतीय भाषांस समान असा नियम मराठीस लावताना मराठीचा एक खरा भेद त्यात गळला, असे म्हणावे लागते.

संगणकीय संकेतनाची कथा ह्याहून गुंतागुंतीची आहे. युनिकोडनेही, भारती ब्रेलप्रमाणेच, वर्णक्रम हेच तत्त्व स्वीकारले. उलट, त्यापूर्वीच्या खाजगी संकेतनाच्या टंकांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. डोळ्यांस ते पान शुद्ध मराठी दिसे. स्क्रीन रीडरला मात्र तेथे रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक ढीग सापडे. अशा टंकांतील मजकूर आजही कार्यालयांतून आणि विद्यापीठांतून पुष्कळ पडून आहे. युनिकोडमध्येही आडवा 'र' दोन प्रकारे लिहिता येतो : 'ऱ' आणि हलन्त घेऊन, किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच. पण रूपांतराच्या एखाद्या टप्प्यावर ते अदृश्य चिन्ह गाळले गेले की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि डोळसांपैकी कोणाच्याही ते ध्यानात येत नाही.

आता मानकांकडे वळू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४२ नुसार श्राव्य, मुद्रित आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य स्वरूपात उपलब्ध व्हावा, यासाठी उपाय योजणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात, सुगम्यतेचे किमान नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे अधिनियमाशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. बंधन आले हे इष्टच झाले. परंतु बंधन कशाचे, हा प्रश्न उरतो.

संकेतस्थळांसाठी जगभर आधारभूत मानल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी ह्या मार्गदर्शक तत्त्वांत पानाची भाषा यंत्रास कळेल अशी नोंदवावी, ही अट सर्वांत प्राथमिक, 'ए' पातळीवर ठेवलेली आहे. मराठीच्या बाबतीत तिचे महत्त्व विशेष आहे. कारण देवनागरी पाहून भाषा मराठी की हिंदी हे ठरत नाही. मराठी पान हिंदीच्या नियमांनी वाचले गेले, तर 'घरं', 'असं' ह्यांतील अनुस्वार नासिक्य होतो. ह्याच्या उलट, उच्चारावाचून ज्या शब्दाचा अर्थ संदिग्ध राहतो त्याचा उच्चार कळण्याची सोय असावी, ही अट सर्वोच्च, 'एएए' पातळीवर आहे, आणि संपूर्ण संकेतस्थळांसाठी ती पातळी सरसकट आवश्यक धरू नये, असे मानककर्त्यांचेच सांगणे आहे. थोडे ह्या अर्थाचा 'जरा' आणि वार्धक्य ह्या अर्थाचा 'जरा', दुनिया ह्या अर्थाचे 'जग' आणि पाण्याचा 'जग', ह्यांतील 'ज' निरनिराळे आहेत. त्यांचा विवेक वाचणाऱ्या यंत्राने करावा की न करावा, हे मराठीत असे ऐच्छिक राहते.

ह्यावर असा आक्षेप घेता येईल की, सर्व भाषांसाठी केलेल्या मानकात एका भाषेचे बारकावे कसे यावेत? आक्षेप रास्त आहे. पण त्यातून निष्पन्न होते ते एवढेच की, हे काम मानककर्त्यांचे नसून आपले आहे. आडव्या 'र'साठी एकच संकेतन ठरवून देणे, भारती ब्रेलमध्ये ह्या भेदास चिन्ह सुचविणे, दुहेरी उच्चारांच्या शब्दांचा कोश वाचक यंत्रांसाठी तयार करणे, ही तिन्ही कामे मराठी भाषाविज्ञानाच्या कक्षेतील आहेत. अनुपालनाचा तक्ता पूर्ण भरला म्हणजे मजकूर वाचकापर्यंत पोहोचला, असे मानणे ही आपल्यापुरती तरी आत्मवंचना ठरेल.

त्या परीक्षेतील तो प्रश्न मी सर्वांसाठीच रद्द केला. त्यानंतर 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द मी त्या विद्यार्थ्यास वर्गात उच्चारून दाखविले. भेद त्याने तत्काळ सांगितला, आणि तो डोळसांपैकी अनेकांनी सांगितला त्याहून अधिक नेमका होता.