माडीचे दुकान व राहते घर : एक वास्तुविचार

एखाद्या जुन्या मद्यगृहाचे पुढे राहते घर झाले, असे म्हणताना ती वास्तू मुळात मद्यगृह म्हणूनच उभारली गेली होती, हे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे अगत्याचे आहे. इंग्लंडमधील ग्रामीण मद्यगृह ही बहुधा राहत्या घराचीच एक खोली असे. १५५२ च्या कायद्याने तिला परवाना आवश्यक झाला. १८३० च्या कायद्याने तर करदात्या गृहस्थास दोन गिनी भरून स्वतःच्या घरी बिअर विकण्याची मुभा मिळाली. विक्री थांबली की घर पुन्हा केवळ घर राही. पालटत असे तो हक्क. भिंती पालटत नसत.

रत्नागिरीतील मांडवीसारख्या किनारी वस्तीचा विचार करताना हा भेद विशेष उपयोगी पडतो. ‘मांडवी’ या शब्दाचाच जुना अर्थ जकातीचे ठाणे असा आहे. माडाच्या पोयीस छेद देऊन माडी काढण्याचा व्यवसाय कोकणात परंपरेने भंडारी समाजाकडे होता. हा रस काही तासांतच आपोआप आंबतो. तो फार काळ टिकत नाही. साहजिकच त्यास ना भट्टी लागते, ना तळघर. काही मडकी आणि एखादी पडवी एवढ्यावर विक्री चालू शकते. जांभ्याच्या भिंती, उतरते छप्पर, पडवी, ओटी व माजघर ही कोकणी घराची रचना या व्यवहारास मुळातच पुरेशी होती. म्हणून केवळ आराखड्यावरून जुने दुकान ओळखू पाहणारी पद्धती येथे निष्फळ ठरते.

दुकानास दुकानपण दिले ते कायद्याने. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यान्वये रस काढणे व विकणे परवान्याच्या कक्षेत आले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर, १९५० पासून, मुंबई राज्यात ही विक्री बंद पडली. पुढे निर्बंध शिथिल झाले, तरी मधल्या काळात पडवीची पुन्हा ओटी झाली असल्यास भिंतीवर तिची खूण राहण्याचे कारण नाही.

१९१० साली बांधून झालेल्या थिबा राजवाड्याचा इतिहास सरकारी दप्तराने जपला. परवान्यावर चाललेल्या पडवीस तसे संरक्षण नाही. अबकारी दप्तर आणि वृद्धांच्या आठवणी यांची सांगड वेळीच घातली नाही, तर एका समाजाच्या श्रमाचा इतिहास वास्तुशास्त्राच्या नोंदीबाहेरच राहील.