पायथनच्या पुस्तकात ताळा कुठे आहे?

अल स्वायगार्टच्या 'ऑटोमेट द बोरिंग स्टफ विथ पायथन' या पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक गोष्ट आहे. त्याचा कॉलेजमधला रूममेट इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानात कामाला होता. दुसऱ्या दुकानांच्या हजारो वस्तूंच्या किमतींची यादी यायची. तीन माणसं ती छापायची, वाटून घ्यायची आणि एकेक किंमत आपल्या दुकानातल्या किमतीशी ताडून बघायची. दोनेक दिवस जायचे. जमिनीवर कागद पसरून बसलेल्या त्या तिघांकडे या रूममेटने मूळ फाईल मागितली आणि दोन तासांत छोटासा प्रोग्रॅम लिहिला. तो चालायला काही सेकंद लागले. त्या दिवशी सगळ्यांनी जेवणाची सुट्टी जरा लांबवली.

पायथन शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगत आलोय. हल्ली ती सांगताना अडखळतो. निकाल बरोबर आला हे त्यांनी कशावरून ठरवलं? गोष्टीत ते येत नाही. प्रोग्रॅम चालला, माणसं जेवायला गेली.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. कर्जतला आमच्या घरी रविवारी सकाळी चार-पाच जण लॅपटॉप घेऊन बसतात. एक भातगिरणीचा हिशेब बघतो, एकाची नर्सरी आहे, एक मुलगी बी.कॉम. करता करता कर सल्लागाराच्या ऑफिसात जाते. खोपोली लोकलने एक ताई येतात, त्या खालापूर तालुक्यातल्या वाड्यांवर काम करणाऱ्या एका छोट्या गटात आहेत. यांच्यापैकी कुणालाच प्रोग्रॅमर व्हायचं नाही. त्यांना दोन एक्सेल एकत्र करायच्या असतात, चारशे फोटोंची नावं तारखेनुसार बदलायची असतात, जुन्या फॉन्टमधली मराठी यादी कॉपी केली की जी चिन्हं उमटतात त्यांचं काय करायचं हे विचारायचं असतं. अशा माणसांसमोर ठेवायला माझ्याकडे दोन गोष्टी होत्या. एक २०१५ साली आलेलं स्वायगार्टचं पुस्तक, जे इंटरनेटवर फुकट वाचता येतं. दुसरी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे पाठ.

स्वायगार्टचं पुस्तक मला मनापासून आवडतं. छोट्या कामाची त्याला लाज वाटत नाही. कॉलेजात आम्हाला पहिल्या दिवसापासून फॅक्टोरियल आणि फिबोनाची काढायला लावले. हा माणूस मात्र फाईलींची नावं बदलतो, वर्गणी थकवलेल्या सभासदांना ईमेल पाठवतो, एक्सेलमधल्या लसणाचा भाव दुरुस्त करतो. अमेरिकी पद्धतीने महिना आधी लिहिलेल्या तारखा उलटवून दिवस आधी आणायचा त्याचा प्रोग्रॅम तर आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो.

त्यातल्या एका उदाहरणाने आम्हाला एकदा वाचवलंही. एक्सेलच्या प्रकरणात तो अमेरिकेच्या २०१० च्या जनगणनेची फाईल घेतो आणि प्रत्येक काउंटीची लोकसंख्या काढतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. पण तो काउंट्या थेट नावाने साठवत नाही. आधी राज्य, त्याच्या पोटात काउंटी, कारण एकाच नावाच्या काउंट्या वेगवेगळ्या राज्यांत असतात. हे वाचताना कंटाळा येतो. नर्सरीवाल्याने मात्र तालुकावार पावसाची फाईल घेऊन 'कर्जत' शोधलं आणि आमच्या कर्जतचा पाऊस एकदम कोरडा निघाला. पावसाळ्यात आमच्याकडे छत्री उघडून उपयोग होत नाही. घोळ काय झाला ते त्यालाच आधी सुचलं: कर्जत नगर जिल्ह्यातही आहे, आताच्या अहिल्यानगरमध्ये, आणि ते पर्जन्यछायेतलं. घाटाखालच्या आणि घाटापलीकडच्या दोन तालुक्यांची सरासरी काढून बसलो होतो. आधी जिल्हा, मग तालुका असं केल्यावर पाऊस जागेवर आला. पण चूक त्याला दिसली ती तो इथे राहतो म्हणून. नंदुरबारच्या कुणी हेच केलं असतं तर आकडा खपून गेला असता.

आता 'स्पोकन ट्युटोरियल'. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प. साधारण दहा मिनिटांचा एकेक व्हिडिओ. तो थोडा चालवायचा, थांबवायचा, शेजारच्या खिडकीत तेच करून बघायचं. शिक्षक नसला तरी चालावं अशी रचना, नेट नसेल तर आधी उतरवून ठेवता येतात, आणि आवाज भारतीय भाषांमध्ये. मराठी आवाजातले पाठ पहिल्यांदा लावले तेव्हा खोलीतली भीती कमी झाली हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ताईंनी मान डोलावत ऐकलं. नफ्यासाठी सुरू न झालेलं हे काम आहे आणि त्याबद्दल वाईट बोलताना जीभ जड होते.

तरी बोलायला हवं. भाषांतर फक्त आवाजाचं आहे, पडदा इंग्रजीच राहतो. आज्ञा इंग्रजीत असणारच, त्याला इलाज नाही. पण माहितीसुद्धा इंग्रजी, आणि धुतलेली. पायथनच्या जुन्या मालिकेत आलेख शिकवायला लंबकाची फाईल आहे, लांबी आणि आवर्तनकाळ. हे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला ठीक. गिरणीवाल्याने विचारलं, "हे घड्याळाचं आहे का?" पुढे दहावीच्या गुणांची एक मोठी फाईल येते. ओळी अर्धविरामांनी तोडायच्या, पहिल्या खान्यातलं विभागाचं अक्षर बघायचं, ते 'बी' असेल तर गणिताचे गुण एका यादीत टाकायचे आणि शेवटी सरासरी. हे उदाहरण उत्तम आहे. रोजच्या कामांपैकी अर्धी कामं याच साच्याची असतात: ओळ वाच, तोड, अमुक असेल तर बाजूला काढ. मीही तेच केलं, आणि तिथेच फसलो.

ताईंच्या गटाला दाखल्यांच्या शिबिराची तयारी करायची होती. सात वाड्या, प्रत्येक घराची एक ओळ: कुणाकडे जातीचा दाखला आहे, कुणाकडे रेशनकार्ड, कुणाचं आधार अडलंय. सर्वेक्षण तिघांनी केलं होतं, कुणी मोबाइलवर टाइप करून, कुणी कॉम्प्युटरवर. सगळं एका एक्सेलमध्ये होतं. प्रत्येक वाडीची वेगळी यादी छापून कार्यकर्त्यांना द्यायची, म्हणजे कुणाला कोणते कागद घेऊन बोलवायचं ते कळेल. ताई म्हणाल्या, "मला शिकवा." शिबिर जवळ आलं होतं. मी म्हटलं, आत्ता मीच देतो करून, शिकू नंतर. पंधरा मिनिटांत स्क्रिप्ट झाली. वाड्यांच्या नावांची यादी वेगळी होती. तिच्यातलं एकेक नाव घ्यायचं, ज्या ओळीत ते नाव असेल ती ओळ त्या वाडीच्या फाईलमध्ये टाकायची. सात फाईली तयार झाल्या.

कातकऱ्यांच्या वाडीच्या फाईलमध्ये फक्त मथळा होता. मला ते दिसलं. मी गटातल्या एकाला फोनही केला. तो म्हणाला, दिवाळी होऊन गेली, ती घरं वीटभट्टीवर गेली असतील. पटलं मला. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर भट्टीवर जातात हे इथे पोरालाही माहीत असतं. रिकाम्या फाईलला इतकं चपखल कारण मिळाल्यावर मी लॅपटॉप मिटला.

ताईंनी छापलेल्या याद्या हातात घेतल्या, प्रत्येकीच्या खालचा आकडा पेन्सिलीने मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिला आणि बेरीज केली. "दादा, एकशे एकसष्टच होतात. आमची घरं एकशे चौऱ्याऐंशी. त्या वाडीत मी स्वतः तेवीस घरं फिरलेय, माणसं होती तेव्हा."

तेवीस घरं फाईलमध्ये होतीच. 'कातकऱ्यांची' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरतात. दुसऱ्यात साधा र, त्याला हलन्त, आणि मागे एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पायथनला अक्षरं मोजायला सांगितली तर एकीकडे अकरा येतात, दुसरीकडे बारा. वाड्यांच्या यादीत एक प्रकार होता, सर्वेक्षणात दुसरा. माझ्या 'इफ'ला ते शब्द वेगळे वाटले, आणि 'एल्स' मी लिहिलाच नव्हता. त्या ओळी कुठेच गेल्या नाहीत. लाल अक्षरांत काही आलं नाही. युनिकोडची रूपं एकसारखी करून देणारी सोय पायथनमध्ये आहे, पण हा फरक ती मिटवत नाही. तो हाताने बदलावा लागतो. मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाच्या यादीत हा सुरुंग पेरलेला असू शकतो. 'ठाकूरवाडी' असती तर मला कधी कळलं नसतं, कारण तिथे काही बिघडलंच नसतं. पडली कोण, तर सरकारनेच विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून नोंदवलेल्या जमातीची वाडी.

माझी चूक पुस्तकावर ढकलायची नाही. पण या दोन्ही ठिकाणी शिकलेला माणूस हीच चूक करेल असं मला वाटतं, आणि माझी तक्रार तिथे आहे. प्राथमिक शाळेत भागाकार शिकवताना बाई लगेच ताळा करायला लावायच्या. भाजक गुणिले भागाकार, त्यात बाकी मिळवा, भाज्य आलं पाहिजे. ताळ्याशिवाय गणिताला पूर्ण गुण नसत. प्रोग्रॅमिंगमध्ये ताळ्याला जागा आहे. पायथनमध्ये त्यासाठी 'असर्ट' नावाचा शब्दच आहे: ही गोष्ट खरी नसेल तर इथेच थांब. स्वायगार्ट तो शिकवतो, पण पहिल्या आवृत्तीत थेट दहाव्या प्रकरणात, चुका शोधण्याच्या भागात, आणि उदाहरण घेतो चौकातल्या ट्रॅफिक सिग्नलचं. तोवर वाचणाऱ्याने शब्दकोश, रेग्युलर एक्सप्रेशन, फाईली असं सगळं पार केलेलं असतं. बहुतेक जण तोवर आपल्या कामापुरतं उचलून गेलेले असतात. आयआयटीच्या त्या गुणांच्या उदाहरणात 'बी' सोडून बाकीची मुलं गळतात, ते तिथे बरोबरच आहे कारण प्रश्नच 'बी'चा आहे. पण शिकणाऱ्याच्या हाताला वळण लागतं ते गाळण्याचं. किती ओळी वाचल्या, किती घेतल्या, किती सोडल्या, एवढे तीन आकडे शेवटी छापले असते तर पाठ अर्ध्या मिनिटाने लांबला असता.

आता कुणी म्हणेल की पुस्तकं हवीत कशाला, एआयला विचारलं की स्क्रिप्ट मिळते. मिळते, आणि माझ्यापेक्षा नीटनेटकी. मी ती सात वाड्यांची कामगिरी नंतर एआयला सांगून पाहिली. स्क्रिप्ट आली, चालली, आणि तेवीस घरं तिनेही गाळली. तिलाही कुणी १८४ हा आकडा सांगितला नव्हता. तो ताईंच्या डोक्यात होता.

स्वायगार्टच्या रूममेटकडे माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्त होती. तो त्याच दुकानात काम करायचा. कुठली किंमत विचित्र आहे हे त्याला बघताक्षणी कळू शकत होतं. मी खालापूरच्या त्या वाडीत कधी पाऊल टाकलेलं नाही. आणि ज्यांनी टाकलंय त्या ताईंना मी "शिकू नंतर" म्हटलं होतं.

आता रविवारी आम्ही उलटं सुरू करतो. आधी वहीवर लिहायचं की फाईलमध्ये किती ओळी असायला हव्यात आणि हा आकडा कुणाला विचारून आणला. मग पायथनला ओळी मोजायला लावायच्या. मग 'असर्ट'. व्हेरिएबल, लूप वगैरे त्यानंतर. गिरणीवाला कुरकुरतो की दोन रविवार झाले आणि आपण नुसतं मोजतोय. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. मोजण्यात मजा नसते आणि मजा नसली की माणसं यायची थांबतात. बी.कॉम.वाल्या मुलीला मात्र हे पहिल्या दिवशी कळलं, तिच्या ऑफिसात जमा-नावे जुळल्याशिवाय घरी सोडत नाहीत.

शिबिर झालं. तेवीसपैकी काही घरं तोवर खरंच भट्टीवर गेली होती. त्यांना निरोप पाठवून बोलवावं लागलं, आणि सगळी आली नाहीत.

परवा रात्री ताईंचा फोटो आला, मोबाइलने काढलेला लॅपटॉपचा पडदा, तिरका. नव्या सर्वेक्षणावर स्वतः लिहिलेली आठ ओळींची स्क्रिप्ट, आणि खाली 'असर्शन एरर'. त्याखाली मेसेज: "दादा, एक घर जास्त येतंय. तुम्ही काही सांगू नका, मी बघते."