रंग आपला, साचा परका

गेल्या हिवाळ्यात ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, नई सडकेवरच्या आमच्या घरी एक खोकं आलं. आत १:७२ प्रमाणातलं, धातूचं मिराज-२००० होतं. खऱ्या विमानाची लांबी १४.३६ मीटर. तिला ७२ नं भागलं की १९९ मिलिमीटर येतात, आणि माझ्या पट्टीवर ते नाकापासून शेपटापर्यंत तेवढंच भरलं. विमान हातात घेऊन मी गच्चीवर गेलो. महाराजपूरच्या तळावर १९८५ पासून मिराजची वस्ती आहे, आणि लश्करातल्या पोरांना विमान ढगाआड असलं तरी नुसत्या आवाजावरून ते ओळखता येतं. त्या दिवशी दोन मिराज वरून गेली. हातातल्या पंखाचा त्रिकोण आणि आभाळातला त्रिकोण मी ताडून पाहिला. घाट हुबेहूब होता. फक्त माझ्या विमानावर फ्रेंच हवाई दलाची निळी-पांढरी-लाल वर्तुळं होती.

त्यावर केशरी-पांढरी-हिरवी वर्तुळं आली की ते आपलं विमान होईल का? मिराजपुरतं उत्तर बरंचसं 'हो' असं आहे, कारण आपण घेतलेलं विमानच फ्रेंच आहे. पण हाच प्रश्न प्रत्येक नव्या प्रतिकृतीला विचारत गेलं की धातूच्या प्रतिकृतींच्या कलेची आजची खरी अवस्था दिसू लागते.

छपाईत या कलेने मोठी मजल मारली आहे. सिलिकॉनच्या मऊ गादीने वळणदार पृष्ठभागावर अक्षरं उमटवण्याचं तंत्र आता इतकं नेमकं झालंय की चाकाच्या झडपेवरची सूचना भिंगाखाली वाचता येते. वैमानिकाची खुर्ची, तिचे पट्टे, बॉम्बवरचे पिवळे पट्टे, सगळं असतं. मात्र जरा बारकाईने पाहिलं की साच्याचे दोष दिसतात. पत्र्यांच्या सांध्यांच्या रेषा बहुतेक कंपन्या फार खोल कोरतात. प्रतिकृतीवर ०.३ मिलिमीटरची खाच म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ २२ मिलिमीटरची फट, आणि एवढी फट कुठल्याच विमानाला नसते. जिथे धातूचं धड आणि प्लॅस्टिकचं नाक जुळतं तिथे रंगाची छटा बदलते. चाकं उघडी ठेवायची सोय केली की मिटलेल्या झडपा नीट बसत नाहीत. बाजारात ज्याला 'डिटेल' म्हणतात तो बराचसा रंगात आहे. आकार अचूक उतरवायला जी मेहनत लागते ती त्या मानाने कमी ठिकाणी दिसते.

धातूबद्दल थोडं सांगायला हवं, कारण हा छंद मुळात वजनाचा आहे. मिश्रधातू जस्ताचा असतो. त्यात सुमारे ४ टक्के ॲल्युमिनियम, जरासं मॅग्नेशियम आणि तांबं घालतात. तो ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो आणि दाबाखाली पोलादी साच्यात शिरून क्षणात थिजतो. आजीच्या भातुकलीतला पितळी बंब ज्याने ओतला त्या ओताऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागली नसती. त्याच्याकडे एका वस्तूसाठी एक साचा असे, इथे एका साच्यातून हजारो निघतात, एवढाच फरक. म्हणूनच साचा कोणाचा आणि कशाचा, यावर सगळं ठरतं. पोलादात एकदा चूक कोरली गेली की ती हजारो कपाटांत जाऊन बसते.

धातूत भेसळ झाली तर काय होतं, हे जुन्या डिंकी गाड्यांनी दाखवलं आहे. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने 'डिंकी' या नावाने १९३७ च्या सुमारास ब्रिटिश फौजेचे छोटे रणगाडे काढले. मुलांसाठी धातूत ओतलेल्या लष्करी वाहनांची ती सुरुवातीची पिढी. त्या काळच्या जस्तात शिशाचा अंश राहिला की धातू आतून भुसभुशीत होतो. वर्षं गेली की तो फुगतो, बारीक तडे जातात आणि एक दिवस बोटांत चुरा होतो. कितीही जपून ठेवा, उपाय नाही. आज असा चुरा झालेला रणगाडा हातात घेतला की हळहळ वाटते, पण आजच्या चांगल्या कंपन्यांचं शुद्ध जस्त किती मोलाचं आहे तेही तेव्हाच कळतं.

डिंकीचे काही साचे पुढे आपल्याकडेही आले. साठच्या दशकाच्या अखेरीस कलकत्त्यात 'निकी टॉइज' नावाने गाड्या निघू लागल्या, त्या डिंकीच्या जुन्या साच्यांतून. परदेशात निवृत्त झालेला साचा इथे पुन्हा कामाला लागला. तो झिजलेला असे, कडा बोथट पडत, रंग जाडसर बसे. तरीही त्या गाड्यांवर आमच्या पिढीतल्या कित्येकांचा जीव होता आणि आजही आहे. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण पोलाद तिथलं आणि ओतकाम इथलं ही रीत आपल्याकडे त्या काळापासून आहे, आणि आज ओतकामही बहुतेक चीनमध्ये होतं.

परक्या साच्यावर आपलं नाव घालण्याची सवय त्याहूनही जुनी आहे, आणि तिचं सर्वांत देखणं उदाहरण आमच्याच गावात आहे. जयविलास महालाच्या मेजवानीच्या टेबलावरची चांदीची आगगाडी ज्याने पाहिली तो ती विसरत नाही. महाराज माधवराव शिंद्यांनी ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या नॉर्थम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीकडून करवून घेतली. जेवण झालं की मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ती रुळांवरून पाहुण्यांसमोरून फिरे. सुरई उचलली की गाडी थांबे, ठेवली की चालू लागे. डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर आहे, ओळीने वाचलं की 'सिंदिया' होतं. कारागिरी अव्वल, घडण मात्र संपूर्ण विलायती. याच महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधायला घेतलेली दोन फुटी रुळांची ग्वाल्हेर लाइट रेल्वे २०२० मध्ये बंद पडेपर्यंत श्योपूरला जात होती. तिची मोटेच्या चाकासारखी कुरकुरणारी गाडी, टपावर बसलेली माणसं, घंटा देऊन रस्ता ओलांडणं, हे सगळं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. तिचं इंजिन कोणी धातूत ओतलेलं माझ्या पाहण्यात नाही.

बॅसेट-लोकचं नाव आणखी एका कारणाने घ्यायला हवं. दुसऱ्या महायुद्धात हीच कंपनी सरकारसाठी लष्करी प्रतिकृती करत होती, नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर न्यायच्या तरत्या बंदराच्या नमुन्यांसह. आगगाडीचा छंद आणि रणगाड्याचा छंद ही सख्खी भावंडं आहेत. आज गाड्यांसाठी सर्वमान्य झालेलं १:४३ हे प्रमाणसुद्धा आगगाडीच्या 'ओ गेज'मधून आलं आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात गेलं की हे नातं कळतं. तिथे गाड्या आणि माणसं एकाच प्रमाणात असल्यामुळे गाव खरं वाटतं.

आता नव्या मालाकडे वळू. गेल्या काही वर्षांत भारतीय विषय मागणीत आहेत, आणि त्यांत प्रामाणिक काम कुठलं आणि नुसती रंगरंगोटी कुठली, हे ग्राहकाने स्वतः ओळखायला शिकलं पाहिजे.

हंटर हे सोपं उदाहरण. कॉर्गी कंपनीने १:७२ मध्ये काढलेलं हंटर एफ-६ ज्या वंशाचं आहे त्याच वंशाची विमानं आपल्या हवाई दलाने घेतली आणि १९७१ मध्ये लोंगेवालाच्या लढाईत उडवली. तिथे रंग आणि क्रमांक बरोबर असला की माझी तक्रार नाही. नॅटचं तसं नाही. ऑक्सफर्ड डाय-कास्टने १:७२ मध्ये आणलेलं नॅट दोन आसनांचं शिकाऊ विमान आहे, लांबी ९.६८ मीटर. १९६५ मध्ये पाकिस्तानी सेबर विमानं पाडणारं आपलं नॅट एका आसनाचं, लांबीला कमी. प्रतिकृतीत हा फरक मोजक्याच मिलिमीटरचा पडतो, पण तेवढ्यात विमानाचा सगळा तोंडवळा बदलतो. पंखही शिकाऊ विमानाचा मोठा. अशा साच्यावर कोणी घरी भारतीय वर्तुळं चिकटवली तर प्रेम दिसेल, पण ते विमान नॅट एफ-१ होणार नाही.

मिग-२१ बद्दल माझं मत अधिक कडक आहे. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला या विमानाने निरोप घेतला. ६२ वर्षांची सेवा, आणि त्यांतली शेकडो विमानं नाशिकजवळ ओझरला हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या कारखान्यात जुळलेली. निरोपाच्या आसपास टेबलावर ठेवायच्या मिगची लाटच आली, राळेची, फायबरची, ॲल्युमिनियमची. भावना मी समजू शकतो. पण मिग-२१ म्हणजे एक विमान नव्हे. १९७१ मध्ये ढाक्यावर गेलेलं 'एफएल' प्रकारचं मिग सडपातळ पाठीचं होतं, आणि शेवटपर्यंत उडालेलं 'बायसन' ज्यापासून घडलं त्या 'बिस' प्रकाराची पाठ जाड, फुगीर. बायसनच्या पाठीवर १९७१ चे रंग चढवून विकणं म्हणजे आजोबांच्या फोटोखाली नातवाचं नाव लिहिणं. ओझरच्या कामगारांनी दोन्ही पाठी हातांनी जोडल्या आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याने ती प्रतिकृती हातात घेतली तर तो पहिल्या नजरेतच मान हलवेल.

रणगाड्यांमध्ये मला सेंच्युरियनवर आशा आहे. डिंकीने तो १९५४ मध्ये काढला, कॉर्गीनेही काढला. साचे चांगले आहेत. आणि आपल्या फौजेचा सेंच्युरियन ब्रिटिशच होता, त्यामुळे इथे योग्य रंग पुरे. पूना हॉर्सचे अर्देशीर तारापोर १९६५ मध्ये ज्यातून लढले तो 'खुशाब', आणि अरुण खेत्रपाल १९७१ मध्ये बसंतरच्या लढाईत ज्यात शेवटपर्यंत लढले तो 'फामागुस्ता', दोन्ही सेंच्युरियन. 'फामागुस्ता' अहिल्यानगरला, चिलखती दलाच्या केंद्रात जपून ठेवला आहे. तिथेच रणगाड्यांचं संग्रहालयही आहे, १९९४ पासून. प्रतिकृती करणाऱ्याला समोर उभी वस्तू मिळणं याहून मोठं भाग्य नाही. हेच संग्रहालय पाहून आल्यावर विजयंताची उणीव जास्त टोचते. चेन्नईजवळच्या आवडी गावी बांधलेला आपला पहिला रणगाडा, दोन हजारांहून जास्त निघाले, आणि धातूच्या प्रतिकृतींच्या याद्यांत मी त्याचं नाव शोधतच राहिलो. मरुत या विमानाचंही तेच. कुर्ट टँकनी इथे येऊन आखलेलं, १९६१ मध्ये प्रथम उडालेलं, जगात फक्त आपण लढाईत वापरलेलं विमान. दुसऱ्या कुणाच्या साच्यावर रंग बदलून मरुत निघूच शकत नाही. ते हवं असेल तर साचाच कोरावा लागेल.

किमतीचं एवढंच सांगतो की २०२० मध्ये खेळण्यांवरचं आयातशुल्क २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ मध्ये ७० वर. बाहेरचं विमान मध्यमवर्गीयाच्या हाताबाहेर गेलं ते तेव्हापासून. पण या शुल्काने देशी साच्याला जी जागा मिळाली ती भरायला फार थोडे पुढे आले.

आले त्यांत रॉयल एनफिल्डचं काम मला मनापासून आवडलं. २०२२ मध्ये त्यांनी क्लासिक ५०० ची १:३ प्रमाणातली प्रतिकृती काढली, ९६४ सुट्या भागांची. पैसे भरपूर पडतात, आणि कपाटात ती मावत नाही. पण तिचं मोजमाप मूळ वस्तूवरून झालं आहे. क्लच-दांडी, साखळी, टाकीवरची सोनेरी रेघ, कुठेही दुसऱ्या गाडीचा अवयव उसना घेतलेला नाही. मोटारसायकलीला जे जमलं ते जबलपूरच्या वाहनांना का जमू नये? शक्तिमान ट्रकने तीन-चार दशकं सैन्याचा भार वाहिला. जोंगा तर आमच्या प्रांताचीच. निस्सानच्या 'पट्रोल' या गाडीवरून जबलपूरला बांधलेली, पण सैन्यात राहून राहून तिचं रूप पार बदललं. लिलावातून बाहेर पडलेल्या जोंगा चंबळच्या खोऱ्यात अजून धावतात.

लश्कर हे नावच दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून पडलं. जिनसी म्हणजे तोफखाना, आणि जिनसी नाला आमच्या रोजच्या पत्त्यांत आहे. २९ डिसेंबर १८४३ ला महाराजपूर आणि पनिहारला शिंद्यांची फौज इंग्रजांपुढे हरली, आणि जिंकलेल्या तोफांचं कांसं वितळवून इंग्रजांनी आपल्या सैनिकांना ताऱ्याच्या आकाराची पदकं दिली. ती पदकं आज जगभरच्या संग्राहकांकडे आहेत. तोफा आमच्या, साचा त्यांचा. हा इतिहास ठाऊक असल्यामुळेच असेल, परक्या साच्यावरचं आपलं नाव पाहून माझं समाधान होत नाही.

फाल्गुनात भाच्याला घेऊन एका ओळखीच्या गॅरेजात गेलो होतो. तिथे एक जोंगा आठ वर्षं उभी आहे, इंजिन काढलेलं, अंग शाबूत. आम्ही टेप, ओळंबा आणि पुठ्ठा घेऊन गेलो. पुठ्ठा बॉनेटच्या वळणाला लावून कात्रीने कापला, तसेच दरवाज्याचे आणि मागच्या फळीचे. प्रत्येक माप दोनदा घेतलं, वहीत डावी-उजवी बाजू वेगळी लिहिली, कारण डाव्या मडगार्डला पोचा आहे. लोखंडी जाळीच्या पट्ट्या मोजता मोजता अंधार पडला. चाकांच्या कमानी राहिल्या आहेत. येत्या रविवारी मोठा पुठ्ठा घेऊन जायचं आहे.